पाच एकर उताराचं शेत: शेततळ्याच्या आधी काय करायचं

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. पाटोद्याकडं पाच एकर, वरचे दोन एकर मुरमाड, खालचे तीन मध्यम काळी, मधून एक ओघळ गेलीय जी दर पावसाळ्यात रुंद होतेय, विहीर खालच्या कोपऱ्यात आणि जानेवारीत तळाला. हातात थोडे पैसे आलेत, जेसीबी गावात आहे, तर शेततळं घ्यायचं की व्हिडिओत दाखवतात तसे स्वेल (समपातळीत काढलेले रुंद चर) खोदायचे.

माझं उत्तर, यंदा दोन्ही नको. शेततळं शेवटी, आणि स्वेल तुमच्या काळ्या रानात तर अजिबात नको. का ते सविस्तर सांगतो, कारण एकदा जेसीबीनं माती हलवली की ती परत जागेवर आणायला दुप्पट पैसे लागतात.

आधी हिशोब बघा. १ मिलीमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर साधारण ४ हजार लिटर पाणी. तुमच्याकडं वर्षाला ६०० मिलीमीटर धरला तर एकरी २४ लाख लिटर, पाच एकरांवर सव्वा कोटीच्या आसपास. आता ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं घेतलं तर काठ उताराचे असल्यामुळं त्यात बसतं २२ लाख लिटर. म्हणजे तुमच्याच रानावर पडलेल्या पाण्याचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. त्यात उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलीमीटर वाफ होऊन उडतं असं धरलं (मे महिन्यात त्याहून जास्त उडतं), तर ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून रोज ७ हजार लिटर जातं, शंभर दिवसांत सात लाख. एक तृतीयांश पाणी कुणालाच मिळालं नाही.

उलट तुमच्या काळ्या मातीचा दोन फुटांचा थर, चांगला पोकळ असेल तर, पिकाला घेता येईल असं साधारण १०० ते ११० मिलीमीटर पाणी धरून ठेवतो. एकरी चार-साडेचार लाख लिटर. तीन एकरांत १२-१३ लाख लिटर, आणि ते थेट मुळाशी, ना पंप ना पाइप ना तळ्यात अंथरायचा प्लास्टिकचा कागद. हे तळं तुमच्याकडं आत्ता आहेच, फक्त त्याचं तोंड बंद झालंय. मातीवर पापुद्रा बसलाय, खाली दरवर्षीच्या रोटाव्हेटरनं घट्ट थर बसलाय, म्हणून एका तासात ५० मिलीमीटरची सर आली की एकरी दोन लाख लिटर पाणी पडतं आणि त्यातलं बरंचसं माती घेऊन ओघळीत जातं. मराठवाड्यात पाऊस पडतो तो पस्तीस-चाळीस दिवसांत आणि त्यातही खरा मोठा चार-पाच सरींत. तुमचं सगळं डिझाइन त्या चार-पाच सरींसाठी करायचंय, रिमझिमीसाठी नाही.

म्हणून पहिलं काम पैशाचं नाहीच. येत्या मृगात-आर्द्रात पहिली मोठी सर चालू असताना शेतात जा (विजा चमकत असतील तर नको, सर ओसरली की लगेच जा) आणि पाणी कुठून शिरतं, कुठं वेग घेतं, कुठं गढूळ होतं, कुठं बाहेर पडतं ते बघा, मोबाइलवर शूटिंग करा, खुणेला दगड ठेवा. वरच्या शेजाऱ्याचं पाणी तुमच्यात येतं का हे खास बघा. मी जिथं जिथं बांध फुटलेले पाह्यलेत तिथं बहुतेक वेळा कारण हेच निघालं, की स्वतःच्या शेतावरच्या पाण्याचा हिशोब केला आणि वरून येणारं पाणी धरलंच नाही.

मग लेव्हल. चौदा-पंधरा मीटरची पारदर्शक नळी, दोन काठ्या, त्यावर सेंटिमीटरच्या खुणा, नळीत पाणी. दोन माणसं लागतात, गावातल्या दहावीतल्या पोराला अर्ध्या तासात जमतं. दोन काठ्या १० मीटरवर उभ्या केल्या आणि पाण्यात ३० सेंटिमीटरचा फरक आला तर उतार ३ टक्के. असं वरून खालपर्यंत मोजा. मग आडवं जा, दोन्हीकडं पाणी सारखं दिसेल अशा जागा शोधत फक्की (चुन्याची पूड) टाकत जा, ती रेषा म्हणजे समपातळी. ती सरळ येणार नाही, वाकडीतिकडी येईल, येऊ द्या. ट्रॅक्टरला त्रास होईल इतकी वाकडी असेल तर थोडी सैल करा पण सरळ करायच्या नादात उतारावर नेऊ नका. पाण्याच्या कामांत आपल्याकडं सगळ्यात जास्त पैसा वाया गेलाय तो इथंच, कारण बांध घातले गटाच्या हद्दीवर, सातबाऱ्याप्रमाणं, आणि उतार गेला भलतीकडं. अशा बांधाला पाणी एका कोपऱ्यात गोळा होतं आणि तिथून फोडून जातं.

बांध किती अंतरावर? ढोबळ मानानं २ टक्के उताराला ४० मीटर, ३ टक्क्याला ३० मीटर. उतार वाढला की अंतर कमी. आता महत्त्वाचा फरक, वरचं मुरमाड आणि खालचं काळं रान यांना एकच औषध चालत नाही. मुरमाडात पाणी पटकन मुरतं, तिथं समपातळीत बांध घाला, पाणी अडलं तरी एक-दोन दिवसांत जिरतं. काळ्या मातीत तसंच केलं तर बांधाच्या मागं पाणी आठ-आठ दिवस तुंबतं, सोयाबीन पिवळं पडतं, तूर मरते, आणि काळी माती सुकताना भेगाळते तेव्हा बांधालाच भेगा पडून पुढच्या सरीला फुटतो. म्हणून काळ्या रानात ढाळीचे बांध, म्हणजे १०० मीटरला २० ते ३० सेंटिमीटर ढाळ ठेवून पाणी हळूहळू एका बाजूला न्यायचं आणि तिथं गवताच्या चारीतून खाली उतरवायचं. पाण्याला अडवायचं नाही, चालायला लावायचं. स्वेल नको म्हणालो ते याच्याचमुळं. ती पद्धत ऑस्ट्रेलियात मोठ्या पसाऱ्याच्या चराऊ रानांसाठी आणि झाडांसाठी चांगली बसली, पण पाच एकरांत पेरायच्या काळ्या जमिनीत ठोक समपातळीत चर काढला तर जमीनही जाते, तिफणही अडते आणि पाणीही साचतं.

चर हवेतच, पण तुमच्या मुरमाडाच्याही वर जो बरडाचा पट्टा आहे म्हणालात, तिथं. सलग समतल चर, ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल. एका मीटरला १८० लिटर पाणी मावतं, १०० मीटर चर म्हणजे एका भरण्यात १८ हजार लिटर, आणि पावसाळ्यात तो पुन्हा पुन्हा भरतो. माती खालच्या अंगाला टाका, चर आणि मातीच्या मध्ये फूटभर जागा मोकळी सोडा नाहीतर पहिल्याच पावसात माती परत चरात. त्या मातीच्या भरावावर लगेच बी टाका, अंजन गवत, स्टायलो, आणि सीताफळाच्या बिया. उघडा भराव पहिल्या वर्षीच निम्मा वाहून जातो.

प्रत्येक बांधाला सांडवा. लोक हे विसरत नाहीत, टाळतात, कारण पाणी बाहेर सोडायला जीव होत नाही. पण सांडवा नसलेला बांध पाणी अडवत नाही, तो फुटायची वाट बघत असतो. बांधाच्या माथ्यापेक्षा फूटभर खाली, दगड लावून, तळ सपाट, आणि सांडव्यातून पडणारं पाणी कुठं जाणार हे आधी ठरवून. ते शेजाऱ्याच्या रानात जात असेल तर काम सुरू करायच्या आधी त्याच्याशी बोला, चहा प्या, त्याला फक्कीची रेघ दाखवा. जमलं तर त्यालाही सोबत घ्या, कारण पाणलोट काही गट नंबर बघून थांबत नाही, आणि दोघांचं मिळून जेसीबीचं भाडंही कमी येतं.

ओघळीचं काम वरून खाली. खालून सुरू केलं तर वरचा गाळ आणि वेग सगळा तुमच्या पहिल्या बांधावर येतो. रानातले दगड वेचून छोटे छोटे दगडी बांध घाला, दोन-अडीच फुटांपेक्षा उंच नको, मध्ये खोलगट आणि दोन्ही टोकं काठात फूटभर खुपसलेली. मध्य खोल नसला तर पाणी बाजूनं काठ कापत जातं आणि ओघळ अजून रुंद होते, तुमच्याकडं आत्ता नेमकं तेच चाललंय. खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याच्या लेव्हलला यावा, त्यावरून दोघांमधलं अंतर आपोआप निघतं. दोन-तीन वर्षांत त्यांच्या मागं जो गाळ बसतो ती तुमचीच माती आहे, तिच्यात वाळा लावा, तो एकदा धरला की दगड हलले तरी ओघळ हलत नाही.

आता माती. खरं सांगायचं तर माझ्या दृष्टीनं हा भाग बांधापेक्षा मोठा आहे, आणि याच्याकडंच सगळ्यात कमी लक्ष जातं, कारण जेसीबीचं काम एका दिवसात दिसतं आणि मातीचं दिसायला तीन वर्षं जातात.

घरीच दोन परीक्षा करा. एक, शेतातलं वाळलेलं ढेकूळ आणि बांधावरच्या गवताखालचं ढेकूळ, दोन काचेच्या ग्लासांत पाण्यात अलगद सोडा. शेतातलं दोन-चार मिनिटांत विरघळून चिखल होईल, बांधावरचं बराच वेळ टिकेल. तोच फरक आपल्याला शेतात आणायचाय, कारण जे ढेकूळ पाण्यात टिकतं त्याच्याच आत हवेच्या आणि पाण्याच्या वाटा टिकतात. दुसरी, दोन्ही बाजूंनी कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत थोडा ठोका, तांब्याभर पाणी ओता, किती वेळात मुरतं ते लिहून ठेवा. दरवर्षी त्याच जागी त्याच महिन्यात, जमीन सारखीच कोरडी असताना करा.

ढेकूळ टिकतं ते सेंद्रिय कर्बामुळं, मुळांच्या आणि बुरशीच्या चिकट पदार्थांमुळं. आपल्याकडच्या कोरडवाहू रानांत कर्ब ०.३-०.४ टक्के निघतो. वाढवायचा म्हटलं तर किती लागतं बघा, एक एकर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटर थर साधारण ९ लाख किलो भरतो. त्यात ०.१ टक्का कर्ब वाढवायचा म्हणजे ९०० किलो कर्ब. काडीकचऱ्यातला बहुतेक कर्ब कुजताना हवेत जातो, थोडाच मातीत राहतो, म्हणजे ९०० किलो टिकवायला १४-१५ टन कोरडा काडीकचरा लागेल. एका एकराला. म्हणून जो कुणी एका हंगामात बाटलीतल्या द्रावणानं कर्ब दुप्पट करून देतो म्हणतो त्याच्याकडं पैसे देऊ नका. जिवाणू काम करतात, पण त्यांना खायला काडी लागते.

एवढी काडी आणायची कुठून, तर बाहेरून नाही, तिथंच पिकवायची. पहिली गोष्ट, पऱ्हाट्या, तुराट्या पेटवणं बंद. श्रेडर भाड्यानं मिळतो, बारीक करून रानातच पसरा. दुसरी, धसकटं उपटू नका, मुळं जागेवर कुजू द्या, मुळांतला कर्ब वरून टाकलेल्या काडीपेक्षा जास्त टिकतो आणि त्यांच्या पोकळ वाटांनी पुढचं पाणी खाली उतरतं. तिसरी, नांगरट कमी. कोकणात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धत बसवली, साधारण साडेचार फुटी कायमचे गादीवाफे, नांगरट नाही, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच, आणि मराठवाड्यातही कापूस-सोयाबीन-मक्यात शेतकरी ती वापरतायत. तुमच्या काळ्या रानाला ती बसेल असं मला वाटतं, पण त्यात तणनाशकाचा आधार घेतात हे आधीच माहीत असू द्या आणि सुरुवात अर्ध्या एकरावर करा. घट्ट थर फार असेल तर एकदाच, उन्हाळ्यात जमीन कोरडी असताना सबसॉयलर (खालचा घट्ट थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार) मारून घ्या, उताराला आडवा, आणि त्यानंतर रोटाव्हेटरला रानात शिरू देऊ नका. नाहीतर सबसॉयलरचे पैसे एका वर्षात बुडतात.

एक सावधगिरी, वाळलेली काडी मातीत गाडली की ती कुजवणारे जीव जमिनीतला नत्र ओढून घेतात आणि पीक महिनाभर पिवळं दिसतं. वर पसरली तर हा त्रास कमी. गाडायचीच असेल तर सोबत हिरवं काहीतरी हवं, आणि तिथं गिरीपुष्प कामाला येतं. बांधाच्या कडेनं दीड-दोन फुटांवर लावा, बियांपासून लावलेलं खोल मुळं सोडतं, दुसऱ्या पावसाळ्यापासून अडीच फुटांवर छाटून पाला ओळींत टाका. नत्रयुक्त पाला आहे, लवकर कुजतो, आणि शेळ्या-मेंढ्या त्याच्या वासामुळं सहसा तोंड लावत नाहीत, हा आपल्या मोकाट चराईच्या भागात फार मोठा गुण आहे. शेवगा, हदगा लावाल तर पहिल्या वर्षी काट्याचं कुंपण करावंच लागेल.

मेंढ्या बसवणं चालू असेल तर चालू ठेवा, उन्हाळ्यात मुरमाडावर दोन-चार रात्री बसवल्या तर लेंडी आणि मूत दोन्ही मिळतं. ताग-धैंच्याचं म्हणाल तर खरिपाचं अख्खं पीक सोडून ताग घ्या असं मी कोरडवाहू माणसाला सांगत नाही. बाजरी-तुरीच्या ओळींमध्ये ताग टोका आणि दीड महिन्याच्या आत कापून तिथंच आच्छादन करा.

तलावातला गाळ टाकू का असंही विचारलंत. वरच्या मुरमाडावर टाका, खालच्या काळ्यावर नको, तिथं चिकण मातीची कमी नाही, निचऱ्याची कमी आहे. आणि हिशोब करून टाका, एका एकरावर एक इंच थर द्यायला साधारण ३६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागतो, तीन इंचाला शंभराच्या पुढं. दोन-तीन इंच पुष्कळ झाला, मुरमात कुळवानं मिसळून घ्या, नुसता थर ठेवला तर पाणी दोन थरांच्या सांध्यावरून सटकतं. आणि गाळ बांध झाल्यावरच टाका. आधी टाकला तर तो पुन्हा तलावात जातो, हे मी डोळ्यांनी पाह्यलंय.

पेरणीचं थोडक्यात. सगळी मशागत उताराला आडवी. सोयाबीनला बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा सरी, कमी पावसात सरीत पाणी मुरतं आणि जास्त पावसात सरीतूनच निघून जातं, फक्त सरीला किंचित ढाळ असू द्या. तुरीच्या दोन ओळींनंतर एक मृत सरी (पाणी मुरायला मोकळी ठेवलेली सरी) काढा, कोळपणीच्या वेळी, नुसतं बैलाचं नाहीतर छोट्या ट्रॅक्टरचं काम. एखादा तुकडा रब्बी ज्वारीला राखत असाल तर जुलैतच सारा यंत्रानं उतारानुसार ६ ते १० मीटरचे कप्पे पाडा आणि हस्ताचा पाऊस त्यात धरा. सोलापूरचं कोरडवाहू संशोधन केंद्र हेच सांगत आलंय आणि मालदांडी ज्वारीला त्याचा फरक ताटात दिसतो. वाफसा (पेरणीजोगी ओल) चार-पाच दिवस जास्त टिकला तर पेरणीची घाई होत नाही, एवढ्या एका गोष्टीवर कोरडवाहू शेतकऱ्याचं वर्ष उभं असतं.

विहिरीत ओघळीचं गढूळ पाणी थेट सोडू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. गाळ झऱ्यांच्या तोंडात बसतो. सोडायचंच तर आधी खड्डा, त्यात दगड, खडी, वर वाळू, आणि मग पाइप. पण वरचे चर, बांध नीट झाले तर विहिरीला आपोआप पाझर लागायची शक्यता चांगली आहे. आपला काळा पाषाण थरांचा आहे, कुठं मांजऱ्या, भेगाळ, पाणी देणारा, कुठं पक्का ठोकळ, त्यामुळं किती वाढेल याचा शब्द कुणीच देऊ शकत नाही. दर महिन्याला पाण्याची पातळी दोरीनं मोजून भिंतीवर लिहा.

शेततळं यानंतर, तिसऱ्या वर्षी, तेव्हा वरून येणारं पाणी निवळ असेल आणि किती येतं हे तुम्हाला माहीत असेल. जागा ढाळीच्या बांधांची चारी जिथं उतरते तिथं, विहिरीच्या वरच्या अंगाला. विहिरीचं पाणी उपसून शेततळ्यात भरायचं असेल तर मात्र घेऊच नका, जमिनीखालचं सुरक्षित पाणी वर आणून उन्हात ठेवण्यात काय फायदा? जालना जिल्ह्यात कडवंची बघून या, शक्यतो एप्रिलमध्ये. तिथं आज द्राक्षं आणि शेततळी दिसतात, पण आधी डोंगरापासून पाणलोटाची कामं झालीत, हे बघताना लक्षात ठेवा.

आणि पाणी वाढलं की ऊस लावायची इच्छा होते. पुरंदरमध्ये नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर देवस्थानची ४० एकर पडीक जमीन भाड्यानं घेऊन माथ्यापासून पायथ्यापर्यंत हेच केलं, बांध, खाली पाझर तलाव, त्याखाली विहीर, आणि पाणी वाटून घेण्यासाठीच्या पाणी पंचायतीचा नियम ठेवला माणशी अर्ध्या एकराचं पाणी, ऊस नाही. हिवरे बाजारमध्येही शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आणि दरवर्षी पावसावरून पाण्याचा ताळेबंद. त्या गावांची कामं आपण बघायला जातो, नियम मात्र कुणी लिहून आणत नाही. तुमच्या पाच एकरांत मी म्हणेन, संरक्षित पाणी (पावसानं ताण दिला तर पीक वाचवायला द्यायचं) दोन पाळ्यांचं धरा, एक तुरीला फुलोऱ्यात, एक हरभरा किंवा ज्वारीला, आणि मुरमाडावर सीताफळ-आंबा. दीड एकरापेक्षा जास्त बागायत आत्ता डोक्यात घेऊ नका.

पैशाचं असं करा. यंदा पावसाआधी नळी, फक्की आणि ओघळीतले वरचे तीन-चार दगडी बांध, हे घरच्या माणसांत होतं. पाऊस बघून झाल्यावर, दिवाळीनंतर जमिनीत थोडी ओल असताना जेसीबी, कारण ओलसर माती बांधात दबते, मेमधली भुसभुशीत कोरडी माती पहिल्या सरीला बसते आणि खचते. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर गिरीपुष्प आणि गवताचं बी. जेसीबीवाल्याला तासावर लावा, ब्रासवर नको, आणि नळी घेऊन स्वतः पूर्ण वेळ त्याच्यासोबत उभे राहा, चहाला गेलात की रेघ सरळ होते. उतार मोजून झाला की दोन-तीन ठिकाणचे आकडे आणि मातीची खोली मला कळवा, म्हणजे बांध नेमके कुठं घ्यायचे ते बसून काढू.